मुंबई महापालिका : प्रशासनाला जाब विचारायचा तो कुठे, कसा आणि कोणत्या कागदावर?

नीलांबरी_भांडुप (धागाकर्ती)

७ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. राज्यघटनेचं कलम २४३-यू म्हणतं की मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. इथे जवळजवळ चार वर्षं ना स्थायी समिती, ना सुधार समिती, ना प्रभाग समिती. प्रस्ताव मांडणार आयुक्त आणि प्रशासक म्हणून तो मंजूर करणारही आयुक्तच. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्पसुद्धा असाच पालिकेच्या घरातल्या घरात मांडला गेला आणि स्वीकारला गेला.

आता २२७ नगरसेवक आहेत आणि त्यांतले बरेच पहिल्यांदाच निवडून आलेत. सोसायट्या आणि एएलएमच्या (पालिकेकडे नोंदलेल्या रहिवासी गटांच्या) बैठकांत ठरलेली दोन वाक्यं ऐकू येतात. नगरसेवक म्हणतात, 'प्रशासन ऐकत नाही.' विभाग कार्यालय म्हणतं, 'नियमानुसार कार्यवाही चालू आहे.' या दोन वाक्यांच्या मधून वाट कशी काढायची, हे जाणत्यांनी लिहावं. कलम, कागद, मुदत, सही कुणाची, एवढ्या नेमकेपणाने हवं. कोणता पक्ष चांगला हा विषय इथे नको, ही विनंती.

---

टिपणीकार

ताई, आधी एक गैरसमज दूर करू, कारण निम्मी ताकद तिथेच वाया जाते. मुंबईला लागू असलेला कायदा १८८८ चा आहे आणि त्याच्या कलम ६४ नुसार अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांचा आहे. नगरसेवक अभियंत्याला 'हे काम उद्या सुरू कर' असा हुकूम देऊ शकत नाही. महापौरही देऊ शकत नाहीत. १९९८ मध्ये मुंबईत महापौर परिषदेचा प्रयोग झाला होता, तो वर्षभरात गुंडाळला गेला. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करतं, म्हणून त्यांची नजर साहजिकच मंत्रालयाकडे असते.

मग सभागृहाच्या हाती राहतं काय? पैसा, मंजुरी आणि प्रश्न. अर्थसंकल्प सभागृहाने संमत केल्याशिवाय चालत नाही. ठरावीक रकमेवरचं कंत्राट स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय होत नाही. आणि प्रशासनाकडून माहिती व कागद मागण्याचा हक्क कायद्यातच दिलेला आहे. या तिन्हींत एक गोष्ट समान आहे : प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी सही लागते. त्या सहीच्या आधी विचारलेला प्रश्न आणि सहीनंतर केलेली तक्रार यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आणखी दोन पदं लक्षात ठेवा. एक महापालिका चिटणीस. सभागृहाचं आणि समित्यांचं कामकाज, कार्यक्रमपत्रिका, इतिवृत्त हे सगळं त्यांच्या कार्यालयातून चालतं. दुसरं मुख्य लेखापरीक्षक. त्यांचा अहवाल आयुक्तांकडे नव्हे, स्थायी समितीकडे जातो. हे अहवाल समितीसमोर येतात आणि बहुतेकदा चर्चेविना पुढे सरकतात. एखादा नगरसेवक लेखापरीक्षेतला एकच आक्षेप धरून 'याची वसुली झाली का, किती, कोणत्या तारखेला' असं तीन सभा सलग विचारत राहिला, तर खात्याला उत्तर द्यावंच लागतं. नव्या नगरसेवकांनी भाषणाची तयारी करण्याआधी हे अहवाल वाचावेत, असं माझं ठाम मत आहे.

---

दादरकर_१४

आयुक्त ऐकतच नसतील तर सभागृह त्यांना परत पाठवू शकतं ना? तशी तरतूद आहे असं ऐकलंय.

---

टिपणीकार

आहे. कलम ५४. एकूण सदस्यसंख्येच्या पाच-अष्टमांश नगरसेवकांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं, तर सरकारने आयुक्तांना परत बोलवायचं. २२७ धरले तर १४२ मतं. हजर असलेल्यांच्या पाच-अष्टमांश नव्हे, एकूण संख्येच्या, हे ध्यानात घ्या.

पण त्यावर फार विसंबू नका. नवी मुंबईला १९४९ चा वेगळा कायदा लागू आहे, तरतूद मात्र तशीच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथे तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा ठराव १०४ विरुद्ध ६ असा संमत झाला. सरकारने त्यांना लगेच हलवलं नाही, बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये. त्या वादात कोण बरोबर होतं यावर आजही दोन मतं आहेत, त्यात मी शिरत नाही. सांगायचं इतकंच की हे ब्रह्मास्त्र आहे आणि त्याची दोरी मंत्रालयाच्या हातात आहे. रोजच्या कामाला टाचणी उपयोगी पडते.

---

मोजपट्टी

टाचणी कुठे लावायची ते मी लिहितो. पालिकेच्या कोणत्याही बांधकामाला कागदांची एक साखळी असते. अंदाजपत्रक, प्रशासकीय मंजुरी, निविदा, समितीची मंजुरी, करारनामा, कार्यादेश, कामाच्या जागेची नोंदवही, चाचणी अहवाल, मोजमाप पुस्तिका, चालू देयकं, अंतिम देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि शेवटी दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत. गडबड होते ती दोन कड्यांच्या मध्ये. म्हणून एकेक कागद सुटा मागून उपयोग नाही, शेजारचे दोन मागा आणि ताडून पाहा.

उदाहरण घ्या. १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि २५० मिलिमीटर जाडीचा काँक्रीट रस्ता. घनफळ १५० घनमीटर. मिक्सरच्या गाडीत ६ घनमीटर माल येतो असं धरलं तर २५ गाड्या, म्हणजे २५ चलनं (प्रत्येक गाडीसोबत येणारी मालाची पावती). मोजमाप पुस्तिकेत १५० घनमीटर लिहिले असतील आणि चलनं १९ निघाली, तर उरलेले ३६ घनमीटर कुठून आले, हा एक प्रश्न लाख मोलाचा आहे.

चलनावर प्लांटमधून माल भरल्याची वेळ छापलेली असते. तयार काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार माल भरल्यापासून दोन तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला हवी. मुंबईच्या गर्दीत गाडी अडकते, माल घट्ट व्हायला लागतो आणि मग जागेवर पाणी ओततात. पाणी वाढलं की ताकद घसरते आणि वरचा थर भुसभुशीत होतो. पहिल्या पावसाळ्यात रस्त्यावर जी पांढरी भुकटी दिसते, तिचं एक मोठं कारण हे आहे. म्हणून स्लम्पची चाचणी (ओलं काँक्रीट किती पातळ आहे याची) गाडी जागेवर आल्यावर झाली की फक्त प्लांटवर, हे विचारायचं. नोंदवहीत गाडीचा क्रमांक, वेळ आणि मिलिमीटरमध्ये आकडा असायला हवा.

मग क्यूब. १५० मिलिमीटरचे ठोकळे, तीन ठोकळ्यांचा एक नमुना. मानक क्रमांक ४५६ प्रमाणे ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, ३१ ते ५० ला चार, आणि त्यापुढे दर ५० घनमीटरला एकेक जादा. आपल्या १५० घनमीटरला सहा नमुने होतात, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी अठरा ठोकळे. ७ दिवसांच्या चाचणीचे वेगळे. निविदेत रस्त्यासाठी याहून कडक वेळापत्रक असेल तर तेच लागू होतं, त्यामुळे निविदेचं ते पान आधी काढा. सगळ्या ठोकळ्यांचे निकाल एकमेकांच्या अगदी लगत आले असतील तर ते वाचून समाधान मानू नका. खऱ्या ठोकळ्यांत थोडा चढउतार असतोच.

---

नीलांबरी_भांडुप

साहेब, फार उपयोगी. पण रस्ता होऊन गेल्यावर, तडे गेल्यावर काय पाहायचं? आमच्याकडच्या बऱ्याच गल्ल्या आता त्या अवस्थेत आहेत.

---

मोजपट्टी

तडा कुठे आणि कसा गेलाय ते आधी बघा. काँक्रीट आकसताना तडकणारच, म्हणून काही तासांतच यंत्राने आडवे सांधे कापतात. सांध्याची खोली जाडीच्या साधारण पाव ते एक-तृतीयांश हवी. कापायला उशीर झाला की तडा सांधा सोडून हवा तसा नागमोडी जातो. असा तडा दिसला की सांधे किती वाजता कापले याची नोंद मागा. सांध्याला समांतर, लगतच तडा असेल तर कापण्याची खोली कमी पडली असण्याची शक्यता आहे. वर जाळीसारख्या बारीक रेषा असतील तर पाणी मारण्यात कसूर झालेली असते. ओली गोणपाटं किंवा वाफे करून दोन आठवडे पाणी धरून ठेवायचं असतं, आणि ते अनेकदा चार दिवसांत संपतं कारण वाहतूक सुरू करण्याची घाई असते.

यानंतर कागदाकडे वळा. दोषदायित्व कालावधी कधी सुरू झाला आणि कधी संपतो? तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने. इथेच सगळ्यांत जास्त पाणी मुरतं. त्याच रस्त्याची डागडुजी विभागाच्या परिरक्षण खात्याच्या वेगळ्या कामातून होते आणि पैसे पालिका पुन्हा भरते. दोन खाती, दोन फायली, रस्ता एकच. म्हणून मागणी अशी करायची : या रस्त्यावर मागच्या पाच वर्षांत कोणकोणत्या खात्याने कोणकोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदरातून) खर्च केला. चर बुजवण्याचा खर्चही यात धरा. केबलवाल्यांनी चर खोदण्यासाठी भरलेले पैसे वेगळे जमा होतात आणि बुजवण्याचं काम भलत्याच ठिकाणाहून निघतं.

---

माहितीगार_सायन

कागद मागायचा कसा, ते आता मी घेतो.

माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प किंवा राज्याच्या पोर्टलवरून ऑनलाइन. महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाचा विषय एकच आणि शब्द १५० पर्यंत अशी अट आहे. त्यामुळे रस्ता, गटार आणि दिवे एका अर्जात कोंबू नका, तेवढ्या एका कारणाने अर्ज परत येतो. उत्तराला ३० दिवस. आपलं खातं नसेल तर अधिकाऱ्याने ५ दिवसांत योग्य खात्याकडे पाठवायचं, 'या कार्यालयाशी संबंधित नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. दुसरं अपील माहिती आयोगाकडे, ९० दिवसांत. आयोगाकडे अपिलं तुंबलेली असतात, म्हणून सगळं बळ पहिल्या अर्जात आणि पहिल्या अपिलात घाला.

अर्जात 'का', 'कारण काय', 'कोण जबाबदार' हे शब्द नकोत. कायदा नोंदलेली माहिती देतो, अधिकाऱ्याचं मत देत नाही. असा लिहा :

'अमुक रस्ता, अमुक प्रभाग, कार्यादेश क्रमांक व दिनांक अमुक, या कामासंबंधी पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात : १) करारनामा व परिमाणपत्रक, २) मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, ३) काँक्रीटची सर्व चलने, ४) ७ व २८ दिवसांचे चाचणी अहवाल, ५) त्रयस्थ लेखापरीक्षकाचे अहवाल, ६) अदा केलेल्या देयकांच्या प्रती, ७) फाइलमधील टिपणी पृष्ठे. प्रती काढण्यापूर्वी मूळ फाइलचे अवलोकन करू द्यावे.'

टिपणी पृष्ठं विसरू नका. कोणी काय शेरा मारला, कुणी हरकत घेतली आणि ती कुणी डावलली, हे तिथेच कळतं. आणि अवलोकनाची ओळ असलीच पाहिजे. पहिला तास मोफत असतो, प्रतीला पानामागे २ रुपये. चारशे पानांच्या फाइलमधली तुमच्या कामाची पंधराच असतात.

याशिवाय राज्य सरकारच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाने जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सोय आहे. विभाग कार्यालयात जाताना त्या निर्णयाची प्रत सोबत ठेवा. सगळ्याच टेबलांवर तो माहीत असतो असं नाही.

---

दादरकर_१४

हे नागरिकांचं झालं. नगरसेवकाला माहिती अधिकारात अर्ज करावा लागत असेल तर मग निवडून देऊन उपयोग काय?

---

टिपणीकार

रास्त बोललात. नगरसेवकाने तो मार्ग धरू नये. त्याच्याकडे सभागृहाचा मार्ग आहे आणि तिथलं उत्तर इतिवृत्तात कायमचं नोंदलं जातं. पण प्रश्न कसा विचारतो त्यावर सगळं आहे.

'प्रभागातील रस्त्यांची कामे निकृष्ट असून प्रशासन काय करीत आहे?' याचं उत्तर आधीच टाइप होऊन पडलेलं असतं : 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.' त्याऐवजी : 'अमुक कार्यादेशाच्या कामात किती घनमीटर काँक्रीटचे देयक दिले, किती चलने नोंदली, किती नमुने अपेक्षित होते व किती तपासले, किती अनुत्तीर्ण झाले व त्यापोटी किती दंड कोणत्या देयकातून कापला?' या प्रश्नाला आकड्याशिवाय उत्तर देता येत नाही. आकडा चुकीचा दिला तर सभागृहाची दिशाभूल केल्याचा वेगळा विषय उभा राहतो.

ठरावाच्या सूचनेबद्दलही सांगतो, कारण नव्या नगरसेवकांचा तिथे भ्रमनिरास होतो. सूचना संमत झाली म्हणजे काम झालं असं नाही. ती आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते. महिन्यांनंतर अभिप्राय येतो, 'सद्यस्थितीत शक्य नाही', आणि तो दफ्तरी दाखल होतो, म्हणजे फाइल बंद. हे टाळायचं तर सूचनेतच लेखाशीर्ष, ठिकाण आणि अपेक्षित मुदत लिहावी, आणि अभिप्राय आला की तो दाखल करून न घेता उपसूचना मांडून परत पाठवावा. प्रलंबित अभिप्रायांची यादी चिटणीस कार्यालयाकडून मागवून ती वाचून दाखवली तरी खाती हलतात.

स्थायी समितीत प्रस्तावाचं पाच प्रकारे काही होऊ शकतं : मंजूर, उपसूचनेसह मंजूर, राखून ठेवला, फेरविचारासाठी परत, दफ्तरी दाखल. सदस्य दहा मिनिटं कडाडून बोलतात आणि शेवटी प्रस्ताव 'मंजूर' होतो. कागदावर त्यांचा विरोध कुठेच उरत नाही. विरोध असेल तर तो नावानिशी नोंदवायला सांगा. आणि ऐनवेळचा विषय म्हणून कोट्यवधींचा प्रस्ताव आला तर पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवण्याची मागणी करणं हे कर्तव्यच आहे. कागद न वाचता मंजुरी देणारा सदस्य त्या कामातल्या दोषाचा भागीदार होतो.

---

रक्कम_आणि_शीर्ष

पैशाच्या बाजूने चार ओळी घालतो.

अर्थसंकल्पाचे अंदाज आयुक्तांनी ५ फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीला सादर करायचे असतात आणि ३१ मार्चच्या आत सभागृहाने संमत करायचे. लोक फेब्रुवारीत जागे होतात, तोवर ताट वाढून झालेलं असतं. खात्यांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी तयार होतात. प्रभागातल्या मंडईचं छत किंवा शाळेची दुरुस्ती हवी असेल तर ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, लेखी, अंदाजित रकमेसह प्रभाग समितीकडे गेली पाहिजे. कलम ५०-टीटी नुसार प्रभागाच्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारस करण्याचं काम प्रभाग समितीचं आहे, अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी. हा अधिकार जवळजवळ कुणी वापरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुस्तक हातात आलं की फक्त नव्या वर्षाचा आकडा वाचू नका. मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी मांडा. मूळ अंदाजात १० कोटी, सुधारितमध्ये २ कोटी आणि प्रत्यक्षात ४० लाख असं सलग तीन वर्षं दिसलं, तर ते काम कधी व्हायचंच नव्हतं, नगरसेवकाला दाखवण्यापुरतं पुस्तकात होतं. आणि उरलेले पैसे कोणत्या शीर्षाकडे वळवले, ते पुनर्विनियोजनाच्या आदेशात सापडतं. तो आदेश मागा. पाणी आणि मलनिस्सारण अर्थसंकल्प 'जी' मध्ये असतं आणि शिक्षण 'ई' मध्ये, त्यामुळे मुख्य पुस्तकात शोधत बसू नका.

दुसरी गोष्ट कामाचे तुकडे पाडण्याची. ठरावीक मर्यादेवरचं कंत्राट समितीसमोर न्यावं लागतं, म्हणून एकाच पदपथाचं काम चार भागांत निघतं. ओळखायचं कसं? तेच लेखाशीर्ष, एकाच महिन्यातले कार्यादेश, लगतची ठिकाणं आणि प्रत्येक रक्कम मर्यादेच्या जेमतेम खाली. विभाग कार्यालयाकडून वर्षभराच्या कार्यादेशांची यादी घ्या आणि रस्त्याच्या नावाने क्रम लावा. दहा मिनिटांत दिसतं.

---

मोजपट्टी

याला जोडून. देखरेख सुटली की काय होतं हे कॅगच्या (देशाच्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालात आकड्यांत आहे. मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या त्या विशेष लेखापरीक्षेत २८ नोव्हेंबर २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२२ या काळातला सुमारे १२,०२४ कोटींचा खर्च तपासला होता. २१४ कोटींहून जास्त रकमेची २० कामं निविदेविना दिलेली, ६४ कामांत ४,७५५ कोटींचे करारनामेच झालेले नाहीत, आणि ३,३५५ कोटींच्या १३ कामांत त्रयस्थ लेखापरीक्षकच नेमलेला नाही.

करारनामा नसणं ही कारकुनी चूक नाही. करारनामा नाही तर दंडाची कलमं लागू करताना न्यायालयात पाय टेकायला जागा नाही, आणि दोषदायित्वाचा दावाही लंगडा पडतो. शिवाय हेही पाहा की तपासलेल्या काळातला मोठा भाग नगरसेवक पदावर असतानाचा आहे. म्हणजे सभागृह असणं पुरेसं नाही, त्याने कागद उघडले पाहिजेत.

---

कुर्ल्याची_माई

नालेसफाईचं कुणीतरी लिहा. एप्रिल-मे आला की दरवर्षी टक्केवारी जाहीर होते आणि पहिल्या जोरदार पावसात गल्लीत गुडघाभर पाणी.

---

मोजपट्टी

माई, टक्केवारी कशाची हे आधी विचारायचं. ती किती गाळ नाल्यात आहे त्याची नसते, ठरवून दिलेल्या उद्दिष्टाची असते. उद्दिष्टच कमी धरलं तर शंभर टक्के होऊनही नाला भरलेला राहतो. म्हणून पहिला प्रश्न : उद्दिष्ट कोणत्या पाहणीवरून ठरवलं, आणि सफाईआधी व नंतर नाल्याच्या तळाची पातळी किती मोजली?

दुसरं म्हणजे वजनपावत्या. पावतीवर गाडी क्रमांक, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, तारीख आणि वेळ असते. २०१५ च्या चौकशीत याच पावत्या आणि वाहनांच्या नोंदींतली बनवाबनवी बाहेर आली होती. एका आठवड्याच्या पावत्या घेऊन गाडी क्रमांकाने लावा. तीच गाडी एका दिवसात किती फेऱ्या? गाळ शहराबाहेरच्या जागेत टाकायचा असेल तर जाणं-येणं आणि रिकामं करणं याला काही तास लागतातच. चाळीस मिनिटांत दुसरी पावती असेल तर ती गाडी गेलीच नाही. रिकामं वजन दर पावतीत बदलत असेल तर तेही तपासा. गाडी क्रमांक परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर टाकला की वाहनाचा प्रकार कळतो. गाळ ओला आणि निथळलेला यांच्या वजनात पाण्याचाच फरक असतो, त्यामुळे नाल्यातून काढून थेट भरलेला माल वजनात पाणी विकतो. काठावर निथळत ठेवण्याची अट आहे का आणि पाळली का, हे नोंदवहीत असायला हवं. पण काठावर ठेवलेला गाळ वेळेत उचलला नाही तर पहिल्या सरीबरोबर परत नाल्यात जातो, हेही तितकंच खरं.

हे सगळं मे महिन्यातच. जुलैत विचारलं तर पुरावा वाहून गेलेला असतो.

---

नीलांबरी_भांडुप

आणि नगरसेवकांनाच जाब विचारायचा असेल तर? सगळं प्रशासनावर ढकलूनही चालणार नाही.

---

टिपणीकार

बरोबर. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेली व्यक्ती नगरसेवक राहू शकत नाही, कलम १६. हे सिद्ध करणं कठीण असतं, पण तरतूद धारदार आहे.

रोजच्या पातळीवर तीन गोष्टी मागता येतात. त्यांनी वर्षात किती प्रश्न विचारले आणि ते काय होते, समितीच्या किती सभांना हजर राहिले, आणि नगरसेवक निधी कुठे खर्च झाला. पहिल्या दोन चिटणीस कार्यालयाच्या नोंदीत आहेत, तिसरी विभाग कार्यालयात. निधीतली कामं यादीनुसार फिरून बघा. बाकडी, लाद्या, कमानी यांवरच सगळा निधी गेला असेल तर पुढच्या वर्षासाठी तुमची यादी त्यांच्या हातात लेखी द्या.

प्रभाग समितीबद्दल रक्कम_आणि_शीर्ष यांनी लिहिलंच आहे. तिची सभा महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी. पाणी, गटार, सफाई यांच्या तक्रारींची दखल घेणं आणि अर्थसंकल्पात तरतूद असेल तर ५ लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी देणं हे तिच्या अधिकारात आहे. स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य तिच्यावर नेमता येतात, तिथे रहिवाशांनी नावं सुचवावीत. त्याखालच्या क्षेत्रसभा मात्र २००९ च्या कायदेदुरुस्तीनंतरही कागदावरच राहिल्या आहेत. त्या प्रत्यक्षात आणा, अशी मागणी एएलएमनी एकत्र येऊन करायला हवी. मतदारयादीच्या भागापुरती सभा आणि समोर आपला नगरसेवक, याहून सरळ उत्तरदायित्व दुसरं नाही.

---

दादरकर_१४

पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर केलेली तक्रार काम न करताच 'निवारण झाले' म्हणून बंद होते. त्यावर उपाय?

---

माहितीगार_सायन

तक्रार क्रमांक धरून अर्ज करा : 'तक्रार बंद करताना जोडलेला छायाचित्र पुरावा, कामाची तारीख, काम करणाऱ्या अभियंत्याचं पदनाम.' पुरावा नसेल तर उत्तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं येतं, आणि तेच उत्तर प्रभाग समितीत नगरसेवकाच्या हाती द्या. अशी दहा उत्तरं एकत्र ठेवली की सहाय्यक आयुक्तांना त्यावर बोलावंच लागतं. त्यापलीकडे गैरप्रशासनाची तक्रार लोकायुक्तांकडे करता येते. गाऱ्हाणं असेल तर ते साधारण बारा महिन्यांच्या आत न्यावं.

---

नीलांबरी_भांडुप

आमच्याकडच्या एका गल्लीपासून सुरुवात करायचं ठरवलंय. काँक्रीट होऊन दीड वर्ष झालं, मधोमध नागमोडी तडे. सगळ्यात आधी कोणता कागद?

---

मोजपट्टी

कार्यादेश. त्यावर क्रमांक, रक्कम, मुदत आणि दोषदायित्व कालावधी मिळेल, पुढचा प्रत्येक अर्ज त्या क्रमांकाने करायचा. तोवर तड्यांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी आणि जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक दिसेल असे. कार्यादेश मिळाला की मोजमाप पुस्तिकेचं अवलोकन, सोमवारी. तीनच्या थोडं आधी पोचा आणि दोघी जा. एकीने पान वाचायचं, दुसरीने आकडे उतरवायचे. पुस्तिकेतली रुंदी आधी बघा, आणि परतताना गल्लीची रुंदी तीन ठिकाणी मोजा.